यंत्राच्या उत्तराचे प्रामाण्य

एखादी गोष्ट आपल्याला कळते, तेव्हा ती खरी आहे हेही त्याच क्षणी कळते का, की तिचा खरेपणा वेगळा तपासावा लागतो? भारतीय दर्शनांत या प्रश्नावर शतकानुशतके वाद झाला. मीमांसक म्हणत, ज्ञान जन्मते ते आपले प्रामाण्य सोबत घेऊनच; ते खोटे पाडणारे दुसरे ज्ञान पुढे येत नाही तोवर त्यावर विसंबून चालायचे. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी ही भूमिका फार ताकदीने मांडली. नैयायिकांना ती पटली नाही. ज्ञान खरे की खोटे हे त्या ज्ञानाबाहेरच्या कशावरून तरी ठरते, आणि बहुतेक वेळा त्यावर बेतलेली कृती फळाला येते की नाही यावरून ठरते, असे त्यांचे म्हणणे. लांबवर पाणी दिसले, तिथवर गेलो, तहान भागली, म्हणजे दिसले होते ते पाणीच. घसा कोरडाच राहिला तर ते मृगजळ. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त हा वाद पुन्हा मुळापासून उकरला आणि नव्यन्यायाच्या पाठशाळांत पुढची कित्येक वर्षे त्याचा कीस पाडला गेला. आज रुग्णालयात, बँकेत, सरकारी खात्यांत माणसे यंत्राचे उत्तर समोर ठेवून निर्णय घेऊ लागली आहेत, आणि त्यांच्यापुढचा प्रश्न हाच आहे. माझे म्हणणे असे की, माणूस आणि कृत्रिम बुद्धिमत्ता मिळून दोघांपैकी एकट्याने घेतला असता त्यापेक्षा चांगला निर्णय घेऊ शकतात, पण यंत्राच्या उत्तराला नैयायिकांची कसोटी लावली तरच. आपली सवय मात्र नकळत मीमांसकांची झाली आहे.

ही सवय किती खोलवर गेली आहे हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात दिसले. २७ रेडिओलॉजिस्टना स्तनांच्या एक्स-रेचे, म्हणजे मॅमोग्रामचे, ५० संच वाचायला दिले आणि प्रत्येकासोबत ‘एआयचा सल्ला’ म्हणून एक वर्गवारी दाखवली. काही ठिकाणी हा सल्ला मुद्दाम चुकीचा ठेवला होता. सल्ला बरोबर असताना कमी अनुभवाच्या डॉक्टरांची उत्तरे सुमारे ८० टक्के वेळा बरोबर आली. सल्ला चुकीचा असताना तेच प्रमाण २० टक्क्यांवर घसरले. दीर्घ अनुभवाचे डॉक्टर तरी ठाम राहिले असतील असे वाटते, पण तेही ८२ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांच्या आसपास आले. फिल्म प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर होती, वाचायचे शिक्षण होते, वेळही होता. शेजारी एक आकडा आला आणि पाहण्याचीच दिशा बदलली. याहून व्यापक पाहणी २०२४ साली ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये आली. १०६ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तर माणूस आणि यंत्र यांची जोडी सरासरीने त्या दोघांपैकी जो सरस त्याच्यापेक्षा कमीच भरली. आणि ही घट विशेषकरून निर्णयाच्या कामांत होती. दोन ज्ञाने शेजारी ठेवली की बेरीज आपोआप होते, हा समज यापुढे धरून ठेवता येणार नाही.

या भाबड्या विश्वासाचे मूळ मला मीमांसेच्याच दुसऱ्या एका युक्तिवादात दिसते. चूक, लबाडी, पक्षपात हे दोष बोलणाऱ्याचे असतात. वेदांना कर्ताच नाही, ते अपौरुषेय आहेत, म्हणून कर्त्याचे दोष त्यांना चिकटत नाहीत, अशी ती मांडणी. आज यंत्राबद्दल आपण जवळजवळ हेच बोलतो. साहेब ओळख पाहील, जात पाहील, पाकीट पाहील. यंत्र काय पाहणार? ज्याने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आहेत त्याच्या तोंडी हे वाक्य येते तेव्हा त्यामागचे दुःख खरे असते आणि त्याला हसण्याचा कोणाला अधिकार नाही. पण यंत्र अपौरुषेय नाही. अमेरिकेत जास्तीच्या देखभालीची गरज कोणत्या रुग्णांना आहे हे ठरवणारी एक प्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरात होती; २०१९ साली ‘सायन्स’मध्ये तिची चिकित्सा छापून आली. त्या प्रणालीला वंश सांगितलेला नव्हता. मात्र आजार किती गंभीर आहे याचे माप म्हणून तिला उपचारांवरचा खर्च दिला होता. तितक्याच आजारी कृष्णवर्णीय रुग्णांवर प्रत्यक्षात कमी खर्च होत आला होता, म्हणून यंत्राने त्यांना त्या मानाने निरोगी ठरवले. ही विषमता दूर केली तर जादा देखभाल मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखवले. आजाराऐवजी खर्च मोजायचा हे कोणा माणसाने ठरवले होते. आणि खर्च कमी का झाला याला शेकडो डॉक्टर, विमा कंपन्या, अंतरे आणि पूर्वग्रह कारण होते. असे यंत्र हजारदा पौरुषेय असते, फक्त त्यातले पुरुष दिसेनासे झालेले असतात. नैयायिकांनी तर वेदांचे प्रामाण्यसुद्धा कर्ता नसण्यावर टेकवले नाही. ज्याचे बोलणे आयुर्वेदात अनुभवाला उतरते, त्याच्यावर इतरत्रही भरवसा ठेवता येतो, असा न्यायसूत्रांचा रोख आहे. श्रुतीला लावलेली कसोटी सॉफ्टवेअरला जड व्हायचे कारण नाही.

मग यंत्राचे उत्तर हे प्रमाणव्यवस्थेत बसते कुठे? त्याला शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासार्ह माणसाचे सांगणे, मानायचा मोह होतो, विशेषतः ते गोड, स्वच्छ मराठीत बोलू लागल्यापासून. पण न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी आप्ताच्या, म्हणजे अशा विश्वासार्ह सांगणाऱ्याच्या, अंगी दोन गोष्टी मागितल्या आहेत: विषयाचे स्वतः घेतलेले ज्ञान, आणि जसे कळले तसेच सांगण्याची इच्छा. संभाषण करणाऱ्या आजच्या प्रणाली समोरच्याने जरा जोर धरला की पुष्कळदा मत बदलून त्याच्या बाजूला येतात. ही आप्ताची रीत नव्हे. यंत्राचे उत्तर हे लिंग मानावे, म्हणजे अनुमानातला धूर मानावा, हे मला अधिक योग्य वाटते. धुराला जाणीव नसते, हेतू नसतो, तरी त्यावरून डोंगरावरच्या अग्नीचे पक्के ज्ञान होते. यंत्राला जाणीव आहे की नाही या वादात न अडकता त्याच्याकडून शिकण्याची वाट इथे मोकळी होते. मात्र लिंग म्हटले की न्यायाचा पुढचा प्रश्न टाळता येत नाही: व्याप्ती, म्हणजे धूर तिथे अग्नी हे अटळ नाते, खरी आहे का, की मध्ये एखादी उपाधी, म्हणजे न दिसणारी अट, लपली आहे? धुरावरून अग्नी सांगता येतो. अग्नीवरून धूर सांगता येत नाही, कारण तिथे ओल्या लाकडाची अट मध्ये असते आणि ती अट नसली की अनुमान कोसळते. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या, तेव्हा फोटो कोणत्या रुग्णालयातला आहे हे त्या जवळजवळ अचूक ओळखत असल्याचे आढळले. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, दुसऱ्यात कमी; यंत्राला ही खूण पुरली होती, आणि अनोळखी रुग्णालयाचे फोटो आल्यावर त्याची अचूकता बऱ्याचदा घसरली. ओल्या लाकडाचे याहून चोख उदाहरण गंगेशालाही मिळाले नसते. उपाधी शोधणे हे यंत्राच्या शेजारी बसलेल्या माणसाचे पहिले काम आहे, कारण रुग्णालय बदलले आहे हे त्याला ठाऊक असते.

क्षयरोगाच्या शिबिरात हे सगळे हाताच्या अंतरावरून पाहता येते. शाळेच्या व्हरांड्यात एक सुटसुटीत, उचलून नेता येणारे एक्स-रे यंत्र आणि शेजारी लॅपटॉप. फोटो निघाला की थोड्याच वेळात पडद्यावर एक आकडा उमटतो आणि फुप्फुसाच्या संशयित भागावर रंग चढतो. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की त्या माणसाच्या थुंकीचा नमुना ट्रूनॅट किंवा सीबीनॅटच्या तपासणीला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ वर्षांवरील व्यक्तींच्या चाळणीसाठी अशा संगणकीय वाचनाला मान्यता दिली. या कामात आपल्याकडचा वाटाही मोठा आहे. एक्स-रे वाचणारी एक प्रणाली मुंबईच्या क्युअर डॉट एआयने बनवली आणि ट्रूनॅट गोव्याच्या मोलबायो कंपनीचे आहे. रेडिओलॉजिस्ट जिथे कधी फिरकणार नाही तिथे हे यंत्र शेकडो फोटो न थकता वाचते, आणि त्यामुळे वाचलेले जीव खरे आहेत. पण ज्याला पूर्वी क्षय होऊन गेला त्याच्या फुप्फुसावर व्रण राहतात, आणि अशा लोकांत यंत्राचा खोटा इशारा जास्त येतो. समोरच्या माणसाने कधीकाळी सहा महिने गोळ्या घेतल्या होत्या, हे गावात आरोग्याचे काम करणाऱ्या आशाताईला माहीत असते. घरात दोघांना खोकला आहे, हा गडी दगडखाणीवर जातो, ही बाई त्रास कधीच सांगत नाही, हेही तिला माहीत असते. पडद्यावरच्या आकड्यात यातले काही नाही. आणि फुप्फुसाच्या कोपऱ्यातली फिकट छाया आशाताईला दिसत नाही. दोघांच्या ज्ञानाचे उगम वेगळे आहेत. जोडीचा लाभ होतो तो या वेगळेपणातून. आकडा पाहिल्यावर आशाताईने आपले म्हणणे गिळले, तर दोन ज्ञाने नावापुरतीच उरतात.

म्हणून क्रमाला महत्त्व आहे. आधी माणसाने आपले मत बनवावे, शक्य तर नोंदवावे, आणि मग यंत्राचे उत्तर पाहावे. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली हे करून पाहिले. यंत्राच्या उत्तरासोबत त्याचे स्पष्टीकरण दिल्याने लोकांचे आंधळे विसंबणे फारसे कमी झाले नाही; आधी स्वतः ठरवायला लावले, किंवा उत्तर मुद्दाम उशिरा दाखवले, तेव्हा ते कमी झाले. लोकांना ही पद्धत आवडली नाही, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे. विचार करायला लावणारी गोष्ट सुखाची नसते. न्यायदर्शनाने मात्र या अस्वस्थतेला मानाचे स्थान दिले. न्यायसूत्रकार गौतमाच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, संशय हा एक आहे, आणि त्याच्या कारणांत विप्रतिपत्तीची, म्हणजे परस्परविरोधी मतांची, गणना आहे. निर्णयही त्याच सोळांत येतो, आणि दोन्ही पक्ष तोलून घेतल्यावर जो निश्चय उरतो तो निर्णय, असे त्याचे स्वरूप सांगितले आहे. ज्ञानेश्वरांनी दर्शनांना गणेशाचे हात कल्पून तर्काचा परशू त्याच्या हाती दिला. तर्क हे देवाच्या हातचे शस्त्र आहे ही जाण मराठी मनाला ज्ञानेश्वरांच्या काळापासून मिळालेली आहे. माणूस आणि यंत्र यांचे जिथे पटते तिथे पुढे जावे. जिथे पटत नाही ती जागा मोलाची, कारण दोघांपैकी एकाला न दिसलेले काहीतरी तिथेच असते. आजच्या बहुतेक कचेऱ्यांत हा मतभेद झाला काय आणि न झाला काय, त्याची नोंद कुठेच होत नाही.

यावर पहिला आक्षेप खुद्द मीमांसकांचाच येईल. प्रत्येक ज्ञान दुसऱ्याने तपासायचे, तर त्या दुसऱ्याला तिसरे हवे. ही अनवस्था झाली. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर, बाह्यरुग्ण विभागात रांग दाराबाहेर गेलेली असताना डॉक्टरने वादसभा भरवायची का? आक्षेप वजनदार आहे आणि नैयायिकांनीही तो टाळला नाही. उदयनाचार्यांनी शंकेला सीमा घातली: ज्या शंकेने आपलीच वागणूक विसंगत ठरते, तिथे शंका थांबते. भूक भागवायला जेवणारा माणूस जेवणाने भूक भागेल का असा संशय धरून बसत नाही. तेव्हा सगळ्यावर संशय घ्यायचा नसून संशय योग्य जागी खर्च करायचा आहे, आणि या वाटपात यंत्र उत्तम मदत करू शकते. स्वीडनमधील ‘मासाई’ चाचणीत ८०,०३३ स्त्रियांचे मॅमोग्राम घेतले. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक फोटो दोन रेडिओलॉजिस्ट वाचत. दुसऱ्या गटात यंत्राने आधी प्रत्येक फोटोला १ ते १० असा धोक्याचा अंक दिला; बहुतेक फोटो एकाच डॉक्टरने वाचले आणि सर्वाधिक धोक्याचे दोघांनी. पुढच्या तपासणीला कोणाला बोलवायचे हा निर्णय डॉक्टरांचाच राहिला. २०२३ साली आलेल्या पहिल्या निष्कर्षांत यंत्राच्या गटात २४४ कर्करोग सापडले, नेहमीच्या पद्धतीच्या गटात २०३, आणि वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले. इथे यंत्राने उत्तर लादले नाही. कुठे दोन जोड डोळे हवेत ते सांगितले. संशय नेमका झाला आणि त्यामुळे वेळ वाचला.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. यंत्र माणसापेक्षा सरस असेल, तर माणसाला मध्ये ठेवायचेच कशाला? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ सालीच दाखवून दिले होते की बऱ्याच भाकितांत साधे सांख्यिकी सूत्र तज्ज्ञाच्या अंदाजाइतके किंवा त्याहून चांगले ठरते. वर सांगितलेल्या १०६ प्रयोगांतही, यंत्र सरस होते तिथे माणसाने हात घातल्याने बिघाडच झाला. मला हे मान्य आहे, आणि त्यातून निघणारा निष्कर्षही मान्य आहे: जिथे प्रश्न पक्का आहे, चुकीची किंमत ठरलेली आहे आणि यंत्राची कसोटी त्याच ठिकाणी, त्याच लोकांवर लागलेली आहे, तिथे माणसाला केवळ सहीपुरते बसवू नये. तशी सही कोणाचेच रक्षण करत नाही. उलट दोष टाकायला एक गरीब कर्मचारी तेवढा हाताशी राहतो. पण प्रश्न पक्का आहे का, हे यंत्र सांगत नाही. खर्च मोजायचा की आजार, हा प्रश्न त्या अमेरिकन प्रणालीच्या आत कुठेच नव्हता. शिवाय यंत्रावर सोपवले की आपले ज्ञान आहे तसे राहते असेही नाही. पोलंडमधल्या काही केंद्रांत मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणारे डॉक्टर एआयला सरावले. मग एआयशिवाय केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झाले. हा निरीक्षणांवर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे कारण निर्विवाद म्हणता येणार नाही. तरी दुसरा पक्ष जिवंत ठेवायला सराव लागतो, हा इशारा त्यातून घ्यावाच लागेल.

याच आक्षेपाला धार्मिक अंगही आहे. आपल्याहून फार मोठे ज्ञान समोर असताना स्वतःची बुद्धी चालवणे हा अहंकार नाही का? गीतेकडे पाहावे. तिथे सल्ला देणारा सर्वज्ञ आहे आणि ऐकणारा गोंधळलेला. तरी अठराव्या अध्यायात सगळे सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला म्हणतो की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. लागलीच काही श्लोकांनी तो सगळे सोडून मला शरण ये असेही म्हणतो, हे विसरून चालणार नाही. पण त्याच श्लोकात, सगळ्या पापांतून मी तुला सोडवीन, असे अभय आहे. जो शरण यायला सांगतो तो कर्माचे ओझेही उचलतो. यंत्र कसले ओझे उचलणार? चुकीच्या निदानाने गेलेल्या बाईच्या मुलांसमोर ते उभे राहू शकत नाही, त्याला पश्चात्ताप नाही, प्रायश्चित्त नाही, तुरुंग नाही. ज्याच्याकडे अभय द्यायची शक्ती नाही त्याला शरण जाणे ही भक्ती होत नाही. कर्तेपण सोडल्याचा तो नुसता भास आहे, कारण कर्माचे फळ कोणाच्या तरी वाट्याला येतेच, आणि बहुधा ते सर्वांत दुबळ्याच्या वाट्याला येते.

आता कसोटीकडे परत वळू, कारण नैयायिकांच्या मार्गाला एक खरी अडचण आहे आणि ती मला सर्वांत जास्त छळते. फळावरून प्रामाण्य ठरवायचे तर फळ दिसले पाहिजे. शिबिरात आकडा वर गेला त्याची थुंकी तपासली जाते आणि यंत्र बरोबर होते की चूक ते कळते. बँकेच्या प्रणालीने कर्ज नाकारले, तर तो शेतकरी ते फेडू शकला असता का हे कधीच कळत नाही. जामीन नाकारलेला आरोपी बाहेर कसा वागला असता तेही नाही. असे निर्णय आपली कसोटी स्वतःच पुसून टाकतात, आणि तिथे यंत्राला झुकते माप देणे मला गैर वाटते, त्याची जाहीर अचूकता कितीही असो. शिबिरातही ही फट आहेच. आकडा कमी आला त्याला घरी पाठवतात. त्याच्यात रोग असेल तर यंत्राची ती चूक कोणाच्याच वहीत येत नाही. यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही: कमी आकड्याच्या लोकांतूनही चिठ्ठ्या टाकून काहींची थुंकी तपासावी, आशाताई हट्टाने पाठवील त्या प्रत्येकाची तपासावी, आणि तिचे बरोबर आले की आकड्याचे, हे जिल्ह्याजिल्ह्यात मांडून दाखवावे. यासाठी ट्रूनॅटच्या चिप लागतील, पैसे लागतील, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचा वेळ लागेल. किती लागतील याचा हिशेब यंत्र करून देईल. ते खर्च करायचे की नाही, हे आरोग्य खात्यात बसलेल्या माणसांनी आपल्या नावानिशी ठरवायचे आहे.